प्रत्येक ड्रॅगनला एक चार्ली लागतो

नॉर्बर्ट आठवतोय? ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्याच भागातला. हॅग्रिडच्या लाकडी झोपडीत, पेटत्या विस्तवात, किटलीच्या खाली ठेवलेलं ते भलंमोठं काळं अंडं. त्यातून बाहेर आलेलं सुरकुतलेलं, शिंकताना ठिणग्या उडवणारं पिल्लू. आणि शाळेतल्या कुणालाही कळू न देता ते सांभाळण्याची हॅरी, रॉन आणि हर्मायनीची धडपड. सिनेमात हा सगळा प्रकार चुटकीसरशी उरकलाय. पुस्तक वाचलेल्यांना मात्र माहितीये की ती अख्खी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते पहिल्या भागातली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे.

मुलांनी लपूनछपून एखादं पिल्लू वाढवायचं आणि सगळ्या जगापासून त्याला वाचवायचं, हा फॉर्म्युला आपल्याला प्रचंड आवडतो. ‘एरॅगॉन’मध्ये शेतावर राहणाऱ्या पोराला निळा दगड सापडतो, तो दगड अंडं निघतो आणि पोरगा ड्रॅगनचं पिल्लू घरच्यांपासून लपवून रानात वाढवतो. ख्रिस्तोफर पाओलिनीनं ही गोष्ट लिहायला घेतली तेव्हा तो स्वतः १५ वर्षांचा होता. ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’मधला हिकप जखमी टूथलेसला गावापासून लांब, कड्यांनी वेढलेल्या एका तळ्याकाठी रोज चोरून मासे नेऊन देतो. २०१० साली ॲनिमेशनमध्ये पाहिलेली ही गोष्ट २०२५ साली खऱ्या माणसांना घेऊन पुन्हा आली, तरी आपण थिएटरात जाऊन बसलोच. स्पीलबर्गच्या १९८२ च्या ‘ई.टी.’मध्ये ड्रॅगनच्या जागी परग्रहावरचा पाहुणा आहे आणि तो कपाटात खेळण्यांमध्ये लपतो. आपल्याकडे २००३ साली ‘कोई... मिल गया’ आला. रोहित आणि त्याची चिल्लीपिल्ली गँग ‘जादू’ला लपवत होती, तेव्हा आपल्यातल्या काहींचा जन्मही झाला नव्हता. तरी टीव्हीवर लागला की आजही आपण तो पाहतो.

का आवडतं हे सगळं? एक कारण उघड आहे. लहानपणी आपलं स्वतःचं असं काहीच नसतं. दप्तर तपासलं जातं, वही तपासली जाते, आता तर मोबाइलही तपासला जातो. अशा वेळी पलंगाखाली किंवा गच्चीवरच्या टाकीमागे एखादा श्वास घेणारा, फक्त आपल्याला ओळखणारा जीव असावा, ही कल्पनाच भारी आहे. दुसरं कारण जरा खोलवरचं आहे. गोष्टीतला ड्रॅगन मोठ्यांना ‘धोका’ वाटतो, मुलांना मात्र ‘आपलं बाळ’ वाटतो. वयात येणाऱ्या प्रत्येक पोराला किंवा पोरीला कधी ना कधी वाटतंच की घरच्यांनी आपल्याला उगाच धोका ठरवलंय. म्हणजे त्या पिल्लात आपण स्वतःलाच पाहत असतो.

इथपर्यंत कुणाचीच हरकत नसावी. माझी तक्रार पुढे आहे. या सगळ्या गोष्टींचा आपण फक्त पूर्वार्ध लक्षात ठेवतो. लपवणं, भरवणं, कुरवाळणं, पाठलाग, सुटका. उत्तरार्ध मात्र सोयीस्करपणे विसरतो. उत्तरार्धात जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट घडते. मुलांना ते पिल्लू सोडून द्यावं लागतं.

नॉर्बर्टचंच बघा. हॅग्रिडनं ते अंडं एका पबमध्ये, पत्त्यांच्या डावात, तोंड झाकलेल्या अनोळखी माणसाकडून जिंकलेलं असतं. जादूगारांच्या जगात ड्रॅगन पाळायला कायद्यानं बंदी आहे, तीही १७०९ सालापासून. हॅग्रिडला ते ठाऊक आहे. पण त्याचं प्रेम खरं आहे. तो स्वतःला त्या पिल्लाची आई म्हणवतो, लायब्ररीतून पुस्तक आणून दर अर्ध्या तासाला ब्रँडीत कोंबडीचं रक्त मिसळून पाजतो. पिल्लू आठवड्याभरात तिप्पट लांब होतं. त्याला पेटीभर मेलेले उंदीर लागतात. ते रॉनला चावतं, रॉनचा हात सुजून हिरवा पडतो. झोपडी लाकडाची आणि पाहुणा आग ओकणारा! या सगळ्यात गंमत अशी की इथे मोठा माणूस बेजबाबदार आहे आणि अकरा-बारा वर्षांची पोरं शहाणी. तीच हॅग्रिडची समजूत घालतात की बाबा रे, हे तुझ्याकडे राहू शकत नाही.

मग आठवण होते चार्लीची. रॉनचा थोरला भाऊ, रोमानियात ड्रॅगनचा अभ्यास करणारा. त्याला पत्र जातं, त्याचे मित्र रात्री येतात आणि सगळ्यात उंच मनोऱ्यावरून पेटी उचलून घेऊन जातात. हॅग्रिडनं त्या पेटीत पिल्लाला एकटं वाटू नये म्हणून टेडी बेअर ठेवलेला असतो, आणि आतून काहीतरी टराटरा फाटल्याचा आवाज येत असतो. प्रेमात आंधळ्या झालेल्या माणसाची याहून नेमकी थट्टा मी तरी वाचलेली नाही.

आणि या गुपिताची किंमत? ती तर पुढे कळते. परत येताना पोरं पकडली जातात, नेव्हिलसकट तिघांचे मिळून १५० गुण कापले जातात, अख्खं ग्रिफिंडॉर त्यांच्याशी बोलेनासं होतं. तेही सोडा. त्या अंड्याच्या नादात, दारूच्या भरात हॅग्रिड त्या अनोळखी माणसाला एक भलतंच गुपित सांगून बसलेला असतो. परीस राखणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याला कसं झोपवायचं, ते. एक छोटं, गोड गुपित जपताना शाळेचं सगळ्यात मोठं गुपित फुटतं. ‘एरॅगॉन’मध्ये तर किंमत याहून जबर आहे. त्या लपवलेल्या पिल्लाच्या मागावर आलेले घर बेचिराख करतात आणि ज्या मामानं एरॅगॉनला लहानाचा मोठा केला, त्याचा जीव जातो. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत धड माहीतही नसतं, आपण कशापायी मेलो.

नॉर्बर्टच्या गोष्टीत आणखी एक बारीक धागा आहे, जो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. सातव्या भागात हॅग्रिड चार्लीला विचारतो, आपला नॉर्बर्ट कसा आहे? तेव्हा कळतं की तो नॉर्बर्ट नव्हताच, ती नॉर्बर्टा आहे! ज्यानं तिला अंड्यातून बाहेर काढलं, स्वतःच्या हातानं भरवलं, त्याला ती नर की मादी हेसुद्धा कळलं नव्हतं. हा निव्वळ विनोद नाही. प्रेम असणं आणि माहिती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका ओळखीत सांगून टाकलंय. पाळणं वेगळं, सांभाळणं वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, गोष्टीतल्या ड्रॅगनचं एवढं काय घेऊन बसलाय? ड्रॅगन खरे थोडेच असतात! ड्रॅगन नसतील, पण पिल्लं खरी असतात. आणि गोष्टींचा परिणामही खरा असतो. २०१० साली भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर ‘ट्रॅफिक’ या संस्थेचा अहवाल आला, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हॅरी पॉटरमुळे शहरी घरांतून मुलांना घुबड भेट देण्याची टूम निघाल्याचं बोलून दाखवलं होतं. आपल्याकडे घुबडांवरचं मोठं संकट अर्थातच अंधश्रद्धेचं आहे, दिवाळीच्या आसपास त्यांचे बळी दिले जातात. पण हेडविग आवडली म्हणून पिंजऱ्यातलं घुबड विकत घेणं, हे त्या पुस्तकावरचं प्रेम कसं म्हणायचं?

आजचा ‘बेबी ड्रॅगन’ तर खराखुरा मिळतो. रील्सवर पाहिलाच असेल. हिरवागार इग्वाना खांद्यावर घेतलेला मुलगा, मनगटाभोवती बॉल पायथन गुंडाळलेली मुलगी, आणि खाली कमेंट्समध्ये ‘कितीला मिळाला भाऊ?’. इग्वानाचं पिल्लू तळहातावर मावतं. शेपटीसकट पाच-सहा फुटांचा होणारा प्राणी आहे तो, हे विकणारा सांगत नाही. बॉल पायथन नीट जगला तर वीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे अकरावीत घेतलेला साप तुमच्या लग्नाला हजर असेल आणि कदाचित तुमच्या मुलाच्या शाळेच्या ॲडमिशनलासुद्धा. या प्राण्यांना ठरावीक उष्णता लागते, पालींच्या कुळातल्या बऱ्याच प्राण्यांना अतिनील किरणांचा दिवा लागतो, नाहीतर त्यांची हाडं मऊ पडून वेडीवाकडी होतात. होस्टेलच्या खोलीत, रूममेटच्या पलंगाखाली, रेक्टरला कळू न देता हे सगळं कसं जमणार? आजारी पडला तर डॉक्टरकडेही नेता येत नाही, कारण मग गुपित फुटतं. इथेच तर खरी मेख आहे. गुपिताचा फायदा आपल्याला होतो, भुर्दंड मात्र त्या प्राण्याला पडतो.

कायदाही आता स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय करारानं संरक्षण दिलेल्या परदेशी प्रजाती कुणाकडे असतील, तर त्यांची नोंदणी करणं आता बंधनकारक आहे. इग्वाना आणि बॉल पायथन दोन्ही त्यात येतात. आणि देशी प्राण्यांचं म्हणाल, तर नशीब उजळतं म्हणून घरात ठेवलेलं स्टार कासव असो की आजीच्या ओसरीवरचा मिठू पोपट, दोन्ही बेकायदेशीरच आहे. मिठूचं नाव काढलं की घरोघर वाद होतात, पण आहे ते असं आहे.

नकोसा झाला की काय होतं? सोडून दिला जातो. पण हे ‘सोडणं’ गोष्टीतलं नव्हे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हौशी लोकांकडचे बर्मीज अजगर दलदलीत पोहोचले आणि तिथले ससे, रॅकून असे प्राणी दिसेनासे होत गेले. आपल्याकडे कानाजवळ लाल पट्टा असलेली नाण्याएवढी कासवं लोक फिशटँकसाठी आणतात आणि ती बशीएवढी झाली की जवळच्या तलावात सोडतात. तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास ती पळवतात. चार्लीला पत्र लिहिणं म्हणजे सोडणं. रात्री गपचूप तलावावर जाऊन पिशवी रिकामी करणं म्हणजे हात झटकणं.

याच्या अगदी उलट चित्र पाहायचं असेल तर जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात या. तोडणीच्या हंगामात फडात बिबट्याचे बछडे सापडतात. मांजरीएवढे, डोळे नुकते उघडलेले. जो पाहील त्याचा हात पुढे होईल इतके गोड. सगळ्यात आधी ते दिसतात कोयता चालवणाऱ्यांना आणि फडाच्या कडेला खेळणाऱ्या त्यांच्या पोरांना. ते उचलून घरी न्यायचे नाहीत, सेल्फीसाठी हातोहात फिरवायचे नाहीत. वन विभागाला कळवायचं. मग वन विभाग आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातली माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच फडात, त्याच जागी खोक्यात ठेवून लांब जातात. कॅमेरा लावलेला असतो. अंधार पडला की आई येते, तोंडात धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समज अशा कितीतरी रात्रींनी खोटा ठरवलाय. लक्षात घ्या, याच शिवारांत बिबट्याच्या हल्ल्यात माणसं दगावलीत, लहान मुलं गेलीत. तिथली भीती खोटी नाही. तरीही तिथला शेतकरी पिल्लू आईकडे परत जाईपर्यंत तोडणी थांबवतो, तेव्हा ते कुठल्याही ड्रॅगनपटाहून मोठं असतं. तिथे कुणी ते पिल्लू पाळलेलं नसतं. सांभाळलेलं मात्र असतं.

यावर एक प्रश्न हमखास येणार. मग हेमलकशाचं काय? डॉ. प्रकाश आमटेंनी तर बिबटे, अस्वलं घरच्यासारखी वाढवली! बरोबर. पण दोन गोष्टी विसरू नका. ती पिल्लं हौसेनं आणलेली नव्हती. पोटासाठी केलेल्या शिकारीत आई गेलेली अनाथ पिल्लं होती ती. आणि तिथे काहीही लपवलेलं नव्हतं. सगळं उघड्यावर, गावासमोर, पुढे सरकारी चौकटीत. पिल्लांच्या बदल्यात शिकार कमी व्हावी हा त्यामागचा हेतूही सगळ्यांना ठाऊक होता. हॅग्रिडच्या झोपडीत आणि हेमलकशाच्या अंगणात हाच फरक आहे.

पण म्हणून सगळा दोष पोरांच्या माथी मारून मोकळं व्हायचं का? मला तसं वाटत नाही. मुलं लपवतात, कारण सांगितल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. घरात साप निघाला की आधी काठी बाहेर येते. पिल्लू सापडलं म्हटलं की गर्दी जमते, व्हिडिओ निघतात, आणि सांगणाऱ्या पोरालाच दोन धपाटे बसतात. ‘हाऊ टू ट्रेन’मध्ये हिकप बापाला सांगायचा प्रयत्न करतोच की! बाप ऐकतच नाही. २०२२ साली उत्तर प्रदेशातल्या अमेठीत एका तरुणानं जखमी सारस पक्ष्यावर उपचार केले. बरा झालेला सारस त्याच्या मोटरसायकलमागे उडत जायचा, त्याच्याबरोबर जेवायचा. त्याला पिंजरा नव्हता, दोरी नव्हती. व्हिडिओ देशभर फिरला, मग वन विभाग आला, सारस आधी अभयारण्यात आणि नंतर कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि त्या तरुणावर गुन्हा दाखल झाला. सारस संरक्षित पक्षी आहे, तो पाळता येत नाही, हे मान्यच. पण ज्यानं जीव वाचवला त्याला गुन्हेगाराच्या रांगेत उभं केल्यावर, पुढचा जखमी पक्षी सापडणारा पोरगा कुणाला सांगेल? तो एकतर लपवेल किंवा सरळ पुढे निघून जाईल. दोन्हीत पक्षीच मरेल.

म्हणूनच मला या गोष्टींतला खरा हिरो हॅरी वाटत नाही, हॅग्रिड तर नाहीच. मला चार्ली महत्त्वाचा वाटतो. पहिल्या भागात तो समोर येतही नाही. फक्त त्याचं एक पत्र येतं. पण त्या पत्रात ना ओरडा आहे, ना शिक्षा, ना ‘तुम्हाला अक्कल नाही का’. पिल्लू घ्यायला कोण येणार, कधी यायचं, कुठे यायचं, एवढंच आहे. ज्याला सांगता येतं आणि ज्याला त्यातलं कळतं, असा एक मोठा माणूस असला की गुपिताचं ओझं पोरांच्या डोक्यावरून उतरतं.

आणि आता जरा हिशेब करा. पहिल्या भागात हॅरी अकरा वर्षांचा आहे. आपण आता अकराचे नाही. चार्ली मात्र शाळा संपवून नुकताच बाहेर पडलेला, आवडीच्या विषयात शिकणारा तरुण आहे. म्हणजे तो आपल्या वयाचा आहे! बिल्डिंगमधली, वाडीतली, गावाकडची पोरं उद्या खारीचं नाहीतर घुबडाचं पिल्लू बुटाच्या खोक्यात घेऊन येतील, तेव्हा ती आईबाबांकडे जाणार नाहीत. ती तुमच्याकडे येतील. कॉलेजातल्या दादाकडे, ताईकडे. तेव्हा तुम्ही मोबाइल काढून आधी रील करणार, की ‘कुठे सापडलं? चल, तिथेच जाऊन आई दिसते का बघू’ म्हणणार, यावर त्या पिल्लाचं काय होणार ते ठरेल.

वन विभागाचा १९२६ हा हॅलो फॉरेस्ट नंबर फोनमध्ये सेव्ह करायला अर्धं मिनिट लागतं. जवळचा जाणकार पक्षिमित्र, प्राण्यांचा डॉक्टर कोण, हे माहीत करून घ्यायला एखादी संध्याकाळ. टूथलेसच्या एका छोट्या फिल्ममध्ये हिकप त्याला एकट्यानं उडता येईल अशी शेपटी बनवून देतो. टूथलेस ती लावून उडून जातो, आणि हिकप काही दिवस रिकाम्या आकाशाकडे बघत बसतो. तो परत येतो, ते सोडा. शेपटी बनवताना हिकपला ते माहीत नव्हतं, तरी त्यानं ती बनवली. ड्रॅगनवर प्रेम करणं ज्याला म्हणतात, ते एवढंच असतं.